नवव्या घरात कोण?

१

चंद्राबाईंची फाइल रिकामी निघाली तेव्हा मशीनरूममध्ये आम्ही चौघे होतो, आणि चौघांनीही एकदमच एकमेकांकडे पाहिलं. चोरी झाली की माणसं अशीच बघतात. फौजेत ही नजर मी पुष्कळ वेळा पाहिलेली आहे.

मी सुभेदार सयाजी माने, सिग्नल्समधून निवृत्त, मूळचा रहिमतपूरचा. १९७९ साली सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर केंद्राचा ताबा माझ्याकडे होता. ताबा म्हणजे काय, तर दाराची किल्ली, थंड हवेचं यंत्र, आणि येणाऱ्याला चपला काढायला लावायचा अधिकार. खुद्द प्राचार्यांना मी अनवाणी उभं केलेलं आहे. माझं मशीन कपाटाएवढं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, लाजायचं काय त्यात?

मशीनच्या डिस्कवर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या तबकडीवर, तीन वर्षांचा ज्वारीचा प्रयोग साठवलेला होता. सातारा-सांगली भागातल्या चार शेतकऱ्यांनी आपापलं बियाणं पेरलं होतं. रोजचा पाऊस, जमिनीतली ओल, ताटांची उंची, कणसाचं वजन, सगळं त्यांनी कागदावर टिपून पाठवलं. आमच्या कृष्णातनं ते मशीनमध्ये टाइप केलं. मूळ कागद गोदामात ठेवले आणि वाळवीनं त्यांचा फडशा पाडला. राहिली फक्त डिस्क. एप्रिलच्या एका दुपारी वीज गेली, परत येताना दणका देऊन आली, आणि डिस्कवर ओरखडा उठला. कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारा सुरुवातीचा भागच गेला.

शनिवारी पुण्याची समिती येणार होती. चारांतलं एक वाण सरकारी बीजक्षेत्रांवर जाणार होतं. ज्याची फाइल नाही, त्याचं वाण बाद.

अशा वेळी जाई बनसोडे मॅडम उभ्या राहिल्या. रहिमतपूरजवळच्या एका वाडीची ही मुलगी मुंबईला जाऊन शिकून आली होती आणि आमच्या कॉलेजात शिकवत होती. आमच्याकडची पोर म्हणून मी तिच्याबद्दल जरा जास्तच बोलतो, पण तेवढं चालायचंच. मॅडमनी सी नावाच्या नव्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. तो जखमी डिस्क पहिल्यापासून तुकड्यातुकड्यानं वाचत जाई. प्रत्येक फाइलच्या तोंडाशी ‘ज्वारी’ हा शब्द आणि शेतकऱ्याचं नाव असायचं. ते दिसलं की प्रोग्राम दुसऱ्या चांगल्या डिस्कवर नवी फाइल उघडे आणि पुढचा ‘ज्वारी’ येईपर्यंत सगळं तिच्यात ओते.

गुरुवारी दुपारी तो चालवला. डिस्क खरखरत होती, म्हणून मी तिच्याशेजारी कान लावून बसलो होतो. शेवटी छापील कागद बाहेर आला. नावापुढे एक आकडा मॅडमनी स्वतःच्या तपासासाठी छापायला लावला होता. मशीनला इंग्रजीच अक्षरं येत होती, मी मराठीत लिहितो:

जोतीराम ३
मानसिंग ३
चंद्राबाई १८७५३
धुळा ४

मॅडमनी एकेक फाइल उघडली. जोतीरामची भरलेली, मानसिंगची भरलेली, धुळाची भरलेली. चंद्राबाईंची उघडली. आत एक अक्षरही नव्हतं.

"चंद्रानं काही पाठवलंच नसेल," चौघा शेतकऱ्यांतला मानसिंग तिथंच होता, तो म्हणाला.

"पुन्हा चालवू या का?" कृष्णातनं विचारलं.

मी हात आडवा केला. "डिस्क घासाय लागलीय. अजून एकदा फिरंल. दुसऱ्यांदा फिरंल याची ग्यारंटी मी देत न्हाई."

एकच फेरी शिल्लक. मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये घातला. "मग आधी चोर सापडायला हवा," त्या म्हणाल्या.

२

मानसिंगला त्यांनी कँटीनच्या लिंबाखाली गाठलं. मला मुद्दाम सोबत नेलं.

हा मानसिंग कोरेगावकडचा, कॅनॉलकाठच्या उसाच्या जमिनीचा मालक, शेतकीचा पदवीधर. प्रयोगाचा चिटणीसही तोच आणि चारांतला एक स्पर्धकही तोच. बुलेटवरून यायचा आणि ती माझ्या दारासमोर उभी करायचा. त्यामुळे मला तो आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो.

"वीज गेली तेव्हा तुम्ही आत होता," मॅडमनी सुरुवात केली.

"होतो की. कृष्णातशी गप्पा मारत होतो. साताऱ्याच्या बोर्डिंगात एका बाकावर बसून शिकलोय आम्ही. सगळं गाव मला सरकार म्हणतं आणि हा अजून मान्या म्हणतो."

"तुमच्या वाणाला टक्कर कुणाची?"

"खरं सांगू? चंद्राचीच. जोतीरामचं वाण तांबेऱ्याच्या रोगानं मारलं. धुळाची कणसं बारीक. चंद्राचं बी तिनं स्वतः वर्षानुवर्षं निवडलंय, ते मात्र झकास आहे. पण तिचे आकडे... कवठे महांकाळात पाऊस तो किती! तेवढ्यात एवढं दाणं येत नाही, मॅडम. मी शिकलोय ना याच्यातच."

"म्हणजे तिनं आकडे बनवले?"

"तसं मी म्हणत नाही. चंद्रा कष्टाळू आहे. माझ्या आईएवढी असेल."

"तिची फाइल नसेल तर तुम्ही जिंकता."

मानसिंगचा चेहरा लाल झाला. तो उठला. "माझा आजा लढाईत पडला. आमच्या घरात असलं जिंकणं कुणी जेवणाच्या पंगतीला सांगू शकणार नाही. मला हरवायचंय तिला. पण समोरून."

"एक शेवटचं. प्रोग्राम लिहिताना चौघांची नावं मी तुम्हालाच विचारली होती."

"व्हय. जोतीराम, मानसिंग, चंद्रा, धुळा. त्यात काय लपवण्यासारखं?"

चहा तसाच टाकून तो गेला. मी मॅडमकडे पाहिलं. "खोटं बोलला?"

"नाही," त्या म्हणाल्या. "खरं बोलला, तेच अवघड झालंय."

परत येताना मी विचारलं, प्रोग्रामातच तर काही गफलत नाही ना? मॅडम थांबल्या. दुखावल्या होत्या.

"सुभेदारसाहेब, नाव ठेवायला मशीनच्या स्मरणात घरं राखावी लागतात. एका घरात एक अक्षर. इंग्रजीत जोतीराम, मानसिंग, चंद्रा, तिन्ही सात-सात अक्षरांची. धुळा पाच. नाव संपलं हे मशीनला कळावं म्हणून शेवटी एक शून्य लागतो. नवशिके तो विसरतात आणि सातच घरं ठेवतात. मी आठ ठेवली आहेत. मी विसरत नसते."

हे त्या ज्या ताठ मानेनं म्हणाल्या, ते मला फार आवडलं. आमच्याकडची पोर!

३

शुक्रवारी सकाळी कृष्णातची पाळी. तासगावकडचा हा गडी टायपिंगला वाघ होता. थंड हवेच्या खोलीत बसूनही त्याच्या कपाळावर घाम होता.

"चंद्राबाईंचे कागद तूच टाइप केलेस?" मॅडमनी विचारलं.

"व्हय, मीच. चौघांचंबी मीच केलं."

"खरोखर आले होते ते? भरलेले?"

"आवं मॅडम, असं काय इचारताय! चंद्राबाईंचं कागद सगळ्यांत जास्त. एक दीस सुटला न्हाई. पोरीचं लगीन व्हतं त्या दिवशीबी पाऊस लिवलाय. अक्षर मोठं, गोल. वाचाय लय सोपं."

"मग टाइप करताना काही राहिलं का? काही कमी?"

"कमी? न्हाई. कमी न्हाई."

मॅडम एकदम पुढे झुकल्या. "कमी नाही म्हणतोस. जास्त?"

कृष्णातनं कळफलकावरचं कापड उचललं, झटकलं, पुन्हा घातलं. हा माणूस काहीतरी पोटात घालून बसलाय, हे सांगायला डिटेक्टिव्ह लागत नव्हता.

"कृष्णात, शनिवारी एका बाईची तीन वर्षं केराच्या टोपलीत जाणार आहेत."

"ते कळतंय मॅडम." तो कापडाचं टोक ओढत बसला. "हुकूम व्हता, जे नाव सांगितलंय तेच टायपायचं, मनाचं काय घालायचं न्हाई. म्या एका जागी... पर त्येचा हिच्याशी काय संबंध? उगंच माझी नोकरी जायाची."

"काय केलंस तू?"

त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दाराशी आरडाओरडा झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होता, आणि एक खणखणीत आवाज म्हणत होता, "व्हय बाजूला. माझी तीन वर्सं हितं कोंडून ठेवलीत, आन मलाच आत सोडीत न्हाई?"

४

चंद्राबाई आल्या त्या एस.टी.नं, कवठे महांकाळहून, काखेत कणसांची पेंढी घेऊन. उंच, काटक, नऊवारीचा काचा मारलेला. दारात त्यांनी माझ्या ‘चपला बाहेर काढा’ या पाटीकडे पाहिलं, ती मोठ्यानं वाचली, आणि चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. माझ्या खोलीत न सांगता चपला काढणारं ते पहिलं माणूस. मी तिथंच त्यांच्या बाजूचा झालो.

मागोमाग मानसिंगही आला. त्यानं कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला होता, म्हणूनच तर त्या आल्या होत्या.

"कुनी म्हनलं, म्या काय पाठवलंच न्हाई म्हनून?" चंद्राबाईंनी थेट विचारलं.

मानसिंग म्हणाला, "हे बघ चंद्रा, भांडून उपयोग नाही. मी तुझ्या भल्याचं बोलतोय. उद्या साहेब येतील. तुला आठवतील तेवढे आकडे सांग. अंदाजे दे. कृष्णात आत्ता टाइप करील, तुझी फाइल भरून होईल."

"अंदाजे?"

"हो. पाऊस साधारण किती, कणीस साधारण किती..."

"म्या तीन वर्सं अंदाजानं जगले न्हाई." चंद्राबाईंनी पेंढी टेबलावर ठेवली. "रोज सकाळी उठून पावसाचं भांडं बघितलं. कोरडं आसलं तरी बघितलं, आन कोरडं म्हनून लिवलं. रातच्या शाळंत अक्षर शिकले ते ह्येच्यासाठी? ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले, तवा घरातलं हे बी उकडून खाल्लं न्हाई. पोरं रडली, तरी न्हाई खाल्लं. आन तू म्हनतोस अंदाज दे? खरं हाय ते तुमच्या ह्या कपाटात हाय. त्ये काडा. न्हाई निगालं तर माझं बी घिऊन म्या घरला जाईन, पर खोटा आकडा एक बी देणार न्हाई."

मला आमच्या पलटणीतले दोनच साहेब आठवले, जे असे उभे राहायचे.

जाई मॅडम पुढे झाल्या. "मावशी, मी जाई बनसोडे. प्रोग्राम माझा आहे. तुमची फाइल माझ्याकडून हरवलीय."

चंद्राबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "बनसोड्याची व्हय तू? आपली पोर हितं मास्तरीन हाय?" त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग पुन्हा कडक झाला. "मग तर तुला जास्त इचारनार. तुज्या त्या मशीनला माझं नाव तरी ठावं हाय का?"

"आहे की. तुमच्या नावासकट छापलंय." मॅडमनी पर्समधून कागद काढून दाखवला.

चंद्राबाईंनी बोट ठेवून इंग्रजी अक्षरं बघितली. "ही मला येत न्हाईत. तू बघ नीट," म्हणाल्या आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या.

मॅडम कागदाकडे बघत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, सगळ्यांना बाहेर काढा. खडू द्या मला."

५

दुपारभर मॅडम फळ्यासमोर होत्या. मी दाराशी खुर्ची टाकून पहारा देत होतो.

"काल तुम्ही डिस्कला कान लावून होता," त्यांनी विचारलं. "मावशींच्या फाइलच्या वेळी ती लवकर थांबली का?"

"न्हाई मॅडम. सगळ्यांत जास्त येळ तवाच फिरली. माझा जीव खालवर होत हुता."

"म्हणजे वाचायला पुष्कळ होतं. फाइल डिस्कवर आहे. मावशींनी पाठवली, कृष्णातनं टाइप केली, माझ्या प्रोग्रामनं वाचलीसुद्धा. फक्त लिहिली नाही." त्यांनी फळ्यावर लिहिलेली तीन नावं खोडली. "मानसिंग सुटला, कृष्णात सुटला, मावशी सुटल्या. चोर माझ्या प्रोग्रामात आहे."

मग त्यांनी कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "फाइल उघडली की मशीन तिला नंबर देतं. शून्य, एक आणि दोन ते स्वतःकडे ठेवतं. म्हणून जोतीरामला तीन. त्याची फाइल बंद केली, तीन मोकळा झाला, म्हणून मानसिंगलाही तीन. मग धुळाला चार का?"

मला एस.टी.च्या सीटसारखं वाटलं ते. "तीनवर कुनीतरी बसलं आसंल."

"बरोबर! कोण?"

"मधल्या चंद्राबाईच."

"त्याच. म्हणजे उघडताना त्यांनाही तीनच मिळाला, आणि तो बंद कधी झालाच नाही. मग छापताना त्यांच्यापुढे १८७५३ कुठून आला? मधल्या वेळात कुणीतरी प्रोग्रामनं टिपून ठेवलेला तीन पुसून हा आकडा लिहिला. त्या नंबरची फाइलच नाही. प्रोग्राम बिचारा ओतत राहिला, मशीन नाही-नाही म्हणत राहिलं, आणि मी..." त्या थांबल्या. "मी प्रोग्रामला ते ऐकायलाच शिकवलं नव्हतं. लिहिलं का, असं एकदाही विचारलं नाही."

"पर लिवलं कुनी?"

मॅडमनी १८७५३ फळ्यावर मोठा लिहिला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग एकदम स्वतःशीच हसल्या. "हा आकडाच नाही, साहेब. या मशीनमध्ये एका आकड्याच्या जागेत दोन अक्षरं मावतात. प्रत्येक अक्षराचा ठरलेला क्रमांक असतो." त्यांनी २५६ नं भागलं. भागाकार ७३ आला, बाकी ६५ उरली. "जी बाकी उरली तिचं अक्षर आधी वाचायचं. ६५ म्हणजे इंग्रजी ए. ७३ म्हणजे आय."

त्यांनी ती दोन अक्षरं शेजारी-शेजारी लिहिली.

मी वाचली आणि खुर्चीतून उठलोच. आमच्याकडे ट्रकच्या पाठीवर इंग्रजीत हाच शब्द असाच लिहितात, याच दोन अक्षरांत.

"मॅडम," मी म्हणालो, "त्यानं ‘आई’ लिवलंय!"

६

शनिवारी सकाळी पुण्याच्या समितीतर्फे एकटे साहेब आले. अनवाणी उभे राहिले. मॅडमनी सगळ्यांना फळ्यासमोर बसवलं. चंद्राबाई पुढे, मानसिंग हाताची घडी घालून, कृष्णात कोपऱ्यात. मी अर्थात दाराशी. मॅडमचा आवाज असा होता की मला कवायतीच्या मैदानावर असल्यासारखं वाटलं.

"चोरी कुणी केली नाही," त्या म्हणाल्या. "चूक झाली, ती माझी. पण कशी झाली ते सगळ्यांनी ऐकायला हवं."

त्यांनी फळ्यावर ओळीनं आठ चौकोन काढले. "ही नावाची आठ घरं. याला लागून पुढचं नववं आणि दहावं घर नावाचं नाही. तिथे मी उघडलेल्या फाइलचा नंबर ठेवला होता." त्या दोन घरांत त्यांनी मिळून एक तीन लिहिला. मग पहिल्या सात घरांत चंद्रा हे नाव इंग्रजीत भरलं आणि आठव्यात शून्य. "असं बसायला हवं होतं. नेमकं बसतं. मानसिंगराव, मला नाव तुम्ही काय सांगितलं होतं?"

"चंद्रा."

"मावशी, तुमचं नाव काय?"

"चंद्राबाई." त्यांनी असं सांगितलं, जसं काही इतकं साधं विचारायला पुण्याहून माणूस आणावा लागला.

"कृष्णात, डिस्कवर काय टाइप केलंस?"

कृष्णात उभा राहिला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "मॅडम, सांगितल्यालं नाव चंद्रा हुतं. मानसिंग माझ्या बाकावरचा, त्येला नुसतं मानसिंग टायपलं. जोतीराम, धुळा बारकी पोरं. पर ह्या माझ्या आयेच्या वयाच्या. त्यांचं असलं सोन्यासारखं काम रोज हाताखालून जायाचं. नुसतं चंद्रा टायपाय हात उठंना. म्या पुढं बाई लावलं. मनाचंच लावलं. काय शिक्षा द्यायची ती द्या."

साहेबांना काही उमगलं नव्हतं. मानसिंगला उमगलं होतं. त्याच्या हाताची घडी सुटली.

मॅडमनी आठव्या घरातला शून्य पुसला. "बाई. इंग्रजीत तीन अक्षरं. बी बसला आठव्या घरात. घरं संपली. दुसरी एखादी भाषा इथे थांबवते, जागा नाही म्हणते. सी थांबवत नाही, ती पुढे लिहीत जाते. ए गेला नवव्या घरात, आय दहाव्यात. तिथला तीन पुसला गेला. १८७५३ म्हणजे हेच, बाईमधलं आई. प्रोग्रामनं आधी फाइल उघडली, मग नाव घेतलं, आणि नाव घेता घेता फाइलचा नंबरच बुजवला."

"पण तुमच्या कागदावर तर चंद्राबाई असं पूर्ण छापलंय," साहेब म्हणाले. "तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"छापताना मशीन शून्य भेटेपर्यंत वाचत गेलं, म्हणून पूर्ण छापलं. आणि मी ते दहा वेळा वाचलं, साहेब. पण चंद्राच्या पुढे बाई दिसली तर मराठी माणसाला खटकतं कुठं? ते नाव नाही, तो मान. मानालाही अक्षरं लागतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही." त्यांनी हातावरचा खडू झटकला. "कृष्णातनं मान दिला, आणि मी त्याला जागाच ठेवली नव्हती."

मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच कडक सावधानमध्ये आलो. चंद्राबाई कृष्णातकडे बघत होत्या. "ये हिकडं," त्या म्हणाल्या. तो आला. त्यांनी पेंढीतलं सगळ्यांत मोठं कणीस काढून त्याच्या हातात दिलं. बस.

प्रोग्राम मॅडमनी रात्रीच दुरुस्त करून ठेवला होता. नावाला भरपूर घरं. त्याहून लांब नाव आलंच तर थांबून विचारायचं. आणि प्रत्येक तुकडा लिहिल्यावर मशीनला विचारायचं, लिहिलंस का? नसेल तर ओरडायचं.

शेवटची फेरी. मी डिस्कला कान लावला. जोतीराम गेला. मानसिंग गेला. मग ती खरखर सुरू झाली, आणि मी डोळे मिटून घेतले. ती थांबेना. चंद्राबाई पदर दातात धरून उभ्या होत्या, पण मान खाली गेली नव्हती. डिस्क एकदा किंचाळली, दोनदा किंचाळली, पुढे गेली. धुळा आला. मी बटण बंद केलं, आणि ती तबकडी पुन्हा कधी फिरली नाही.

मॅडमनी फाइल उघडली. कागद भराभर बाहेर यायला लागला, संपेचना. पाऊस, ओल, उंची, वजन. कोरडा दिवस, कोरडा दिवस, कोरडा दिवस, आणि तरीही वाढत गेलेली ज्वारी. मानसिंगनं तो जमिनीवर पसरलेला कागद गुडघ्यावर बसून वाचायला घेतला. तो शिकलेला होता, मुकाट्यानं बरंच वाचत गेला. मधेच एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं. तो चंद्राबाईंच्या मुलीच्या लग्नाचा दिवस असणार.

"साहेब," तो उठून म्हणाला, "माझ्या वाणाला मी कॅनॉलचं पाणी पाजलं. यांच्या वाणाला यांनी काहीच पाजलेलं नाही. हे आकडे खरे आहेत. बनवणारा माणूस इतके कोरडे दिवस लिहीत नाही."

त्यानं ‘यांच्या’ म्हटलेलं माझ्या कानानं बरोबर पकडलं. सिग्नल्सवाला आहे मी.

साहेबांनी समितीतल्या बाकीच्यांना फोन लावला, बोलले, आणि निकाल दिला. कवठे महांकाळचं वाण सरकारी बीजक्षेत्रांवर जाणार होतं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "वाणाला नाव लागेल. सुटसुटीत असावं. चंद्रा लिहू?"

जाई मॅडम काही बोलणार, तोच मानसिंग पुढे झाला.

"चंद्राबाई लिहा, साहेब."

"चौकोन लहान आहे हो. मावायचं नाही."

"मग चौकोन वाढवा," मानसिंग म्हणाला.

साहेबांनी मुकाट्यानं रेघ पुढे ओढली आणि मराठीत नाव लिहिलं. चंद्राबाईंनी ते बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचलं. ‘बाई’ पाशी बोट जरासं रेंगाळलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि दाराशी येऊन आपल्या चपला घातल्या.